पुण्यात भाड्याने द्यायला फ्लॅट: "डोळे झाकून हिंजवडी"? अजिबात नाही!

कर्वेनगरकर
परवा एकांनी लिहिलं, "भाड्यासाठी फ्लॅट घ्यायचाय ना? डोळे झाकून हिंजवडी फेज ३ घ्या. मेट्रो आली की भाडं दीडपट." खाली सगळ्यांची "बरोबर, बरोबर". वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

२०१६ साली मीही डोळेच झाकले होते. हिंजवडीतच, माण गावाच्या बाजूला टू बीएचके. पहिली तीन वर्षं एक भाडेकरू जायच्या आत दुसरा दारात. मार्च २०२० मध्ये दोन्ही पोरं लॅपटॉप घेऊन गावी गेली. जूनमध्ये फोन आला, "काका, फ्लॅट सोडतोय, सामान मित्र नेईल." पुढे चौदा महिने कुलूप. ३८,००० चा हप्ता चालू, मेंटेनन्स चालू. किल्ली आणायला गेलो तर वॉचमनच्या टेबलावर किल्ल्यांचा ढीग, प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली एजंटची चिठ्ठी. आमच्या मजल्यावरचे सहापैकी पाच फ्लॅट रिकामे. सगळे भाडेकरू आयटीतले, एकाच धंद्यातले असले की जातातही सगळे एकदम.

शेवटी पडेल भावात विकला आणि कर्वेनगरात जुना वन बीएचके घेतला. आजवर तिथे इंजिनिअरिंगच्या मुली राहिल्या, बदलीवर आलेलं बँकेतलं कुटुंब राहिलं, आता ज्यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय असे आजी-आजोबा आहेत. मध्ये आठ दिवससुद्धा रिकामा पडला नाही. मेट्रोचं म्हणाल तर हिंजवडी-शिवाजीनगर मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ चं. तेव्हापासून बिल्डर तिच्या नावावर भाव लावतायत.

फेज_थ्रीवाला
काका, तुमचं नुकसान झालं हे वाईटच. पण महामारीवरून एरिया ठरवायचा का? माझा हिशोब बघा. ६८ लाखांचा फ्लॅट, भाडं २५,०००. वर्षाचे ३ लाख, म्हणजे ४.४ टक्के. मित्राचा तुमच्या शेजारच्या कोथरूडचा तेवढाच फ्लॅट १ कोटी २० लाखांचा, भाडं २८,०००. २.८ टक्के! त्यापेक्षा बँकेत एफडी टाका. शिवाय पुणे महापालिकेत स्वतः राहिलात तरच घरपट्टीत ४० टक्के सवलत. भाड्याने दिलात की ती गेली. हे कोथरूडवाले कधी सांगत नाहीत.

बावधनची_ताई
त्या ४.४ टक्क्यांतून मेंटेनन्स, रंगकाम आणि टँकर वजा करा, मग बोलू. आमच्या सोसायटीत एप्रिल-मेमध्ये टँकरसाठी वेगळी वर्गणी निघते आणि ती मालकाच्याच माथी येते. हल्लीचे भाडेकरू फ्लॅट बघायला आले की आधी बाथरूमचा नळ सोडतात, हॉल नंतर बघतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे (हातापायांतली ताकद जाते तो नसांचा आजार) पेशंट सापडायला लागले, संशय पाण्यावर होता, तेव्हा माझ्या बहिणीचा धायरीचा भाडेकरू महिन्याभरात गेला. लहान मूल होतं त्यांच्या घरात, त्यांचं काय चुकलं?

सेक्रेटरी_बारा_वर्षं
कर्वेनगरकर, इंजिनिअरिंगच्या मुली ठेवल्यात म्हणता, सोसायटीला विचारलं होतं का? सगळा त्रास तुमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्या मालकांमुळे. भाडं तुम्ही घेणार आणि रात्री दोन वाजता गच्चीतला दंगा आम्ही ऐकणार. एका फ्लॅटमागे पाच-पाच दुचाक्या, लिफ्टमध्ये पिझ्झाचे खोके. आम्ही ठरावच केलाय, बॅचलर नाही. आणि कोणी ठेवलाच तर बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते, दुप्पट.

नांदेडहून_पुण्यात
ते बॅचलर म्हणजे मी. वय २६, नोकरी कोथरूडमध्ये, सकाळी नऊ ते सहा. गेल्या मे महिन्यात पौड रोडला सात फ्लॅट बघितले. तीन ठिकाणी दारातच "फॅमिली पाहिजे". एका ठिकाणी सगळं ठरलं, डिपॉझिट द्यायला निघाले, तर चेअरमनकाकांनी वडिलांचं हमीपत्र मागितलं. माझे वडील २०१९ ला गेले. ते सांगितलं तर म्हणाले, "मग काकांचं आणा." मी जिना उतरून निघून आले. आता वाकडला राहते, रोज दीड-दोन तास प्रवासात घालवते, कारण तिथे ॲग्रीमेंट आणि पोलीस व्हेरिफिकेशन सोडून कोणी काही विचारलं नाही. दंगा कुटुंबंही करतात, सेक्रेटरीकाका. आमच्या वरच्या मजल्यावर रोज पहाटे मिक्सर चालतो.

सेक्रेटरी_बारा_वर्षं
तुमच्याबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण रात्री पोलीस आले तेव्हा जबाब द्यायला मी उभा होतो, मालक अमेरिकेत होता. बारा वर्षं फुकट काम करतोय. शिव्या खायला समिती, भाडं खायला मालक.

कर्वेनगरकर
मी मालक आहे आणि महिन्यातून एकदा चक्कर मारतो. सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. दुप्पट शुल्काचंही सांगतो. १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे, बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही. भाडेकरू बॅचलर असो की फॅमिली. तुम्ही बेकायदा वसुली करताय.

सेक्रेटरी_बारा_वर्षं
आवाज चढवू नका. दहा टक्क्यांचं मला माहीत आहे. ठराव सभेने केलाय, मी एकट्याने नाही. बरं, शुल्काचं पुढच्या सभेत मांडतो. बॅचलरचं मांडणार नाही.

फेज_थ्रीवाला
बघा! मुलीला कोथरूडमध्ये राहायचंय, पैसे द्यायला तयार आहे, तरी ती वाकडला गेली. कर्वेनगरकर, तुमचे ते तऱ्हेतऱ्हेचे भाडेकरू सोसायटीच गाळून टाकते. मग उरलं काय?

कर्वेनगरकर
हे मात्र मान्य करावं लागेल. माझ्या बिल्डिंगीत अठराच फ्लॅट, सगळे ओळखीचे, म्हणून मला त्रास झाला नाही. शेजारच्या सोसायटीत तोच फ्लॅट घेतला असता तर अडकलो असतो. पण तुम्हीही खरं सांगा, गेल्या दोन वर्षांत तुमचा किती महिने रिकामा होता?

फेज_थ्रीवाला
तीन. आणि एकदा भाडं दोन हजारांनी उतरवलं. तरी कोथरूडपेक्षा जास्तच पडतं.

बावधनची_ताई
टँकर वजा करून?

नवा_गिऱ्हाईक
मी शनिवारी वाघोलीला टोकन द्यायला जाणार होतो, ५१,०००. आता काय करू?

कर्वेनगरकर
शनिवारी नको. कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता खराडीच्या आयटी ऑफिसांपासून वाघोलीला निघून बघा, किती वेळ लागतो. गेटवर वॉचमनकडे टँकरच्या नोंदींची वही असते, एप्रिल-मेची पानं बघा. आणि भाडेकरूंबद्दल सोसायटीचा काही ठराव आहे का, ते लेखी मागा.

नवा_गिऱ्हाईक
सोसायटी अजून झालेलीच नाही. पझेशन देऊन चार वर्षं झाली, मेंटेनन्स बिल्डरच घेतो.

सेक्रेटरी_बारा_वर्षं
मग टोकन देऊ नका. यावर आमचं सगळ्यांचं एकमत होईल. चार वर्षं सोसायटी न झालेल्या बिल्डिंगीतली लिफ्ट बंद पडली तर भाडेकरू फोन तुम्हालाच करणार.