एएसएमएल (जुलै २०२५): निकाल चांगला, तरी शेअर का पडतोय? अॅव्हरेज करावं का?

कुपवाड_एमआयडीसी
एएसएमएल ही चिप बनवायची मशीन बनवणारी डच कंपनी. तिचा जून तिमाहीचा निकाल १६ जुलै २०२५ ला आला. विक्री ७.७ अब्ज युरो, नव्या ऑर्डरी ५.५ अब्ज, ग्रॉस मार्जिन ५३.७ टक्के. तिन्ही आकडे अपेक्षेपेक्षा सरस, तरी शेअर एका दिवसात ११ टक्क्यांच्या आसपास आपटला. जुलै २०२४ मध्ये तो हजार युरोच्या वर होता. ईयूव्ही मशीन (सर्वात बारीक चिपची नक्षी छापणारं) जगात दुसरं कोणी बनवत नाही, एआयची मागणी जोरात आहे, मग घोडं कुठं पेंड खातंय? एलआरएसमधून (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) न्यूयॉर्कचे शेअर घेतलेत. सांगलीत कुणाकडे हा शेअर असेल तर सांगा, अजून घ्यावेत की निघावं?

विश्रामबाग_नाका
दादा, आधी भाव बघा. २०२३ ची प्रति शेअर कमाई १९.९१ युरो होती, म्हणजे हजाराला पी-ई, भाव कमाईच्या किती पट ते, ५०. २०२४ ला कमाई १९.२५ झाली, वाढायच्या ऐवजी किंचित घटली. एवढा महाग शेअर वाढ थांबल्यावर टिकत नाही. त्यात आता सीईओ फुके म्हणाले की २०२६ मध्ये वाढ होईलच असं आज सांगता येत नाही. बाजार पुढच्या वर्षाचे पैसे मोजत होता, तेच वर्ष डळमळीत झालं.

आता ऑर्डरी. मागच्या चार तिमाह्यांचे आकडे: २.६, ७.१, ३.९, ५.५ अब्ज. एकेक तिमाही बघून काही कळणार नाही. एक ईयूव्ही मशीन साधारण २० कोटी युरोचं, त्याची नवी आवृत्ती हाय-एनए ३५ कोटींच्या घरात. गिऱ्हाइकाने चार-पाच मशीन पुढच्या महिन्यात ढकलली तरी आकडा हलतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये २.६ चा आकडा आला आणि शेअर एका दिवसात १६ टक्के पडला, त्यामागचं एक कारण हे. म्हणून चारही एकत्र करा: १९.१ अब्ज. त्याच काळात मशीनची विक्री, सर्व्हिस वगळून, साधारण २४ अब्ज. मशीनशॉपमध्ये डिस्पॅच जोरात चालू असावं आणि नव्या पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) त्यापेक्षा कमी याव्यात, तशी ही अवस्था. जुन्या ऑर्डरींवर वर्ष निघतंय. माझ्या मते मूळ दुखणं हेच आहे, बातम्यांत मात्र फक्त ट्रम्पचं टॅरिफ दिसतं.

मिरज_जंक्शन
हिशोब पटला, पण चीन राहिला. २०२४ च्या जून तिमाहीत मशीन विक्रीतला चीनचा वाटा ४९ टक्के होता, २०२५ च्या जून तिमाहीत २७. ईयूव्ही तिकडे कधी गेलंच नाही. गेली ती डीयूव्ही (आधीच्या पिढीची मशीन), आणि त्यातल्या प्रगत इमर्शन मशीनला डच सरकारचा परवाना लागायला लागल्यावर चिनी कंपन्यांनी आधीच भरमसाठ उचल केली. ती मागणी पुढची होती, आत्ता वापरून झाली.

बाकी गिऱ्हाइकं किती? अत्याधुनिक प्रोसेसर चिप बनवणारी मुख्यतः तीनच. त्यात इंटेलने खर्चाला कात्री लावली, सॅमसंगने टेक्सासचं काम लांबवलं. जोरात आहे ती तैवानची टीएसएमसी, आणि तीही पुढच्या पिढीच्या ए१४ चिपला हाय-एनए वापरणार नाही असं सांगून मोकळी झाली. एआयचा पैसा एकाच दारातून येतोय.

कुपवाड_एमआयडीसी
मग कंपनीचं २०३० चं ४४ ते ६० अब्ज युरो विक्रीचं लक्ष्य?

विश्रामबाग_नाका
ते अजून कायम आहे आणि मला अशक्य वाटत नाही. पण २०२५ ला १५ टक्के वाढ धरली तर विक्री साडेबत्तीस अब्ज होते. तिथून ४४ ला पोचायला वर्षाला सहा-सव्वासहा टक्के पुरतात, ६० ला तेरा टक्के लागतात. खालच्या आकड्यासाठी महाग पी-ई देऊ नका.

सातारा_राजवाडा
कराचं बघून मग हात लावा. परदेशी शेअर २४ महिन्यांनी लाँग टर्म होतो, १२.५ टक्के. त्याआधी तुमच्या स्लॅबने. तोट्यात विकणार असाल तर २४ महिने भरायच्या आत विका. शॉर्ट टर्म तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, लाँग टर्मचा फक्त लाँग टर्ममधून. आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर पैसे पाठवलेत तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँकेने आधीच कापलेला कर) अडकतो, रिटर्न भरेपर्यंत. रिटर्नमधल्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) माहिती कॅलेंडर वर्षाची द्यायची, इथेच बहुतेकांची गडबड होते. आणि शेअर किती पडला ते युरोत नाही, डॉलरमध्ये बघा. वर्षभरात युरो वधारलाय, त्यामुळे ॲमस्टरडॅमचा शेअर जेवढा पडलेला दिसतो तेवढा न्यूयॉर्कचा नाही.

अॅव्हरेज करायचंच असेल तर जानेवारी २०२६ पर्यंत थांबा. महिन्याच्या मध्यावर टीएसएमसी त्या वर्षाचा भांडवली खर्च सांगते, २०२५ साठी तो ३८ ते ४२ अब्ज डॉलर सांगितला होता. त्यानंतर एएसएमएलचा निकाल येतो. खर्च वाढला आणि डिसेंबर तिमाहीच्या ऑर्डरी मशीन विक्रीपेक्षा जास्त आल्या, तर पहिला हप्ता टाका. २०२६ पासून कंपनी तिमाही ऑर्डरींचा आकडा देणं बंद करणार आहे, फक्त वर्षअखेरचा बॅकलॉग (हातातल्या शिल्लक ऑर्डरी) मिळेल, तेव्हा हा निकाल नीट वाचून घ्या.