चाचणीच्या सर्व्हरला ठरावीक पोर्ट द्यावा का?

विश्रामबाग, सांगली
हळदीच्या अडत्यांसाठी हिशेबपट्ट्या काढणारे ॲप्लिकेशन आम्ही जँगोमध्ये (वेब ॲप्लिकेशन लिहिण्यासाठीची पायथनची चौकट) लिहितो, आणि त्याच्या ब्राउझर-चाचण्यांसाठी खराखुरा वेब सर्व्हर उभा करावा लागतो. परवा एकाच मशीनवर दोन ब्रँचच्या (कोडच्या स्वतंत्र शाखांच्या) चाचण्या एकदम सुरू झाल्या, दोन्हींना ८०८१ हा पोर्ट (मशीनवर सर्व्हरशी जोडणी होण्याचा क्रमांक; एका वेळी एकालाच मिळतो) हवा होता, आणि दुसरी ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणून सुरुवातीलाच कोसळली. माझे मत असे की चाचणीत पोर्टचा आकडा लिहूच नये. शून्य पोर्ट मागितला की ऑपरेटिंग सिस्टीम त्या क्षणी मोकळा असलेला पोर्ट देते, लिनक्सवर सहसा ३२७६८ ते ६०९९९ यांमधला, आणि पूर्ण पत्ता चाचणीला ‘लाइव्ह_सर्व्हर_यूआरएल’मधून मिळतो. जँगोने १.११ आवृत्तीपासून हीच पद्धत स्वीकारली आहे.

सातारा
मला हे पटत नाही. आमचे लॉगिन बाहेरच्या सेवेमार्फत होते, आणि लॉगिननंतर ब्राउझर जिथे परत येतो तो पत्ता तिथे पोर्टासकट आधी नोंदवावा लागतो. पोर्ट दर वेळी बदलला तर लॉगिनची चाचणी करायची कशी? शिवाय ब्राउझर वेगळ्या कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून अलग ठेवलेल्या कप्प्यात) असला की कोणता पोर्ट उघडायचा हे आधी ठाऊक असावे लागते. त्यापेक्षा प्रत्येक कामाला ८१०० पासून वेगळा आकडा वाटून द्यावा.

मिरज
मधला मार्ग आहे. आमची स्क्रिप्ट आधी मोकळा पोर्ट शोधते आणि तो सर्व्हरला देते.

विश्रामबाग, सांगली
मिरजकर, तुमची स्क्रिप्ट पोर्ट मोकळा असल्याची खात्री करून तो सोडते आणि मग सर्व्हर तो धरतो. तेवढ्या फटीत दुसरी प्रक्रिया तोच पोर्ट घेऊ शकते, आणि असा बिघाड दहादा चाचणी चालवूनही हाती लागत नाही. शून्य मागितले की शोधणे आणि धरणे एकाच वेळी होते. सातारकरांची लॉगिनची अडचण मात्र खरी आहे. तेवढ्या एका चाचणीला ठरावीक पोर्ट द्यावा आणि ती एका वेळी एकच चालेल अशी व्यवस्था करावी.

सातारा
एक मोठा मुद्दा तरीही उरतो. आमच्याकडे अशीच टक्कर झाली तेव्हा ‘एसएस’ची (कोणता पोर्ट कोणी धरला आहे ते दाखवणारी) आज्ञा देऊन पाहिले, तर आदल्या रात्री अर्धवट सोडलेल्या चाचणीची पायथन प्रक्रिया तो पोर्ट अडवून बसली होती. पोर्ट शून्य असता तर ती कोणाच्याही लक्षात न येता मेमरी खात राहिली असती.

विश्रामबाग, सांगली
हे मान्य आहे, आणि याचा विचार मी केला नव्हता. तरी मागे राहिलेली प्रक्रिया शोधण्याचे काम मी पोर्टच्या टकरीवर सोपवणार नाही. चाचण्या संपताच ती तपासणारी वेगळी पायरी आजच जोडतो.