माळ घातली की कोणी विचारत नाही : कामाच्या ठिकाणी स्वतःविषयी उघडपणे सांगावे काय?

उद्यमबागकर (मूळ मांडणी)

मी बेळगावच्या उद्यमबागेतील एका कास्टिंगच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. गेल्या वर्षी मी जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की मटण-कोंबडी यापुढे महिन्यातून एकदाच खायची, असे मी ठरवले आहे. दुसरी, त्यानंतर तीन आठवड्यांनी, अशी की मी समलिंगी आहे आणि माझ्यासाठी स्थळे सुचवण्याचे कष्ट यापुढे कोणी घेऊ नयेत.

पहिल्या गोष्टीवर पंधरा दिवस वाद रंगला. कोणी अंगात ताकद राहणार नाही म्हणाले, कोणी डॉक्टरने सांगितले काय असे हळूच विचारले. दुसऱ्या गोष्टीवर कोणी अवाक्षर काढले नाही. एकाने चहाचा पेला खाली ठेवला आणि फोन आल्यासारखे करून तो उठून गेला. उरलेल्यांनी उसाच्या दराचा विषय काढला.

आमच्याकडचे एक हेल्पर काही वर्षांपूर्वी पंढरपूरहून माळ घालून आले, तेव्हा असे काहीच घडले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून वशाटाचे डबे आपोआप टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकले आणि त्यांना कोणी कारण विचारले नाही. म्हणजे माणूस बदललेला आपल्याला चालतो, फक्त त्या बदलाला गावात आधीपासून नाव असावे लागते. मेंढ्या-बकऱ्यांच्या पोटातून निघणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता धरून ठेवतो, म्हणून मी मटण कमी केले, या कारणाला आपल्याकडे नाव नाही. आणि मी जो आहे त्याला जे नाव आहे, ते शिवीच्या रूपात आहे.

तरीही माझे मत असे की सांगावे. न सांगण्यात फार मेहनत जाते. रविवार कसा गेला, या साध्या प्रश्नाला दर सोमवारी काहीतरी रचून सांगावे लागते आणि मागच्या सोमवारी काय रचले होते तेही लक्षात ठेवावे लागते. आपण सीमाभागातले मराठी लोक आपला मुलूख कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळून हेच म्हणतो ना, की आम्ही कोण ते आमच्या तोंडून ऐका, कोणाच्या कागदावरून ठरवू नका? मग तेच तत्त्व माणसाच्या बाबतीत का लागू नसावे?

टिळकवाडीकर

उद्यमबागकर, आपल्या धैर्याविषयी आदर आहे; मतभेद आपण काढलेल्या निष्कर्षाशी आहे. मी चाळीस वर्षे वकिली केली आहे, म्हणून आधी कायद्याचे सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून, म्हणजे गुन्ह्यातून, वगळले गेले. परंतु तो निकाल ज्या पायावर उभा आहे तो २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल खाजगीपणाचा आहे. (हे पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते.) खाजगीपणाचा अधिकार म्हणजे सांगण्याचा जसा अधिकार, तसाच न सांगण्याचाही. न सांगणाऱ्याला अप्रामाणिक ठरवू लागलो, तर तो अधिकार आपणच मोडीत काढतो.

शिवाय सांगितल्यानंतर संरक्षण कोणते? २०१९ चा कायदा कामाच्या ठिकाणी भेदभावास मनाई करतो, पण तो पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींसाठी आहे. समलिंगी आहे म्हणून एखाद्या खाजगी कारखान्याने माणसाला कमी केले, तर दाद मागण्यासाठी स्वतंत्र कायदा नाही, आणि कारखाना कागदावर खरे कारण कधीच लिहिणार नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, त्यामुळे जोडीदाराला कायद्यात नातेच नाही.

आणि बेळगाव म्हणजे बंगळूर नव्हे. तिथे कचेरी आणि घर यांच्यामध्ये वीस किलोमीटर आणि लाखो अनोळखी माणसे असतात. येथे लेथवर उभा असलेला माणूस आपल्या आत्याच्या जावेचा भाऊ निघतो. टेबलावर दुपारी एक वाजता सांगितलेली गोष्ट संध्याकाळच्या आरतीआधी आईच्या कानावर जाते. काळ्या दिवसाची तुलनाही मला पटली नाही. त्या फेरीत आपण हजारोंच्या संगतीने चालतो. त्या टेबलावर आपण एकटे होता.

निपाणीकरीण

मी शाळेत शिक्षिका आहे. उद्यमबागकरांच्या दुसऱ्या गोष्टीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पहिलीविषयी मात्र बोलायचे आहे, कारण या दोन गोष्टी एका दोरीत ओवलेल्या पाहून मला अस्वस्थ वाटले.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी डब्यात सुकट नेली होती. शिक्षक-खोलीत झाकण उघडताच दोघीजणी खिडकी उघडायला उठल्या. कोणी काही बोलले नाही, पण त्यानंतर अकरा वर्षे माझ्या डब्यात बटाटा, मटकी आणि घेवडा यांखेरीज काही गेले नाही. घरी आम्ही रविवारी मटण आणि मधल्या वारी बोंबील खाणारी माणसे. शाळेत मी शाकाहारी समजली जाते आणि ते मी खोडून काढत नाही. घर भाड्याने घेतानाही घरमालकाचा पहिला प्रश्न वशाट खाता काय हाच असतो, आणि त्या प्रश्नाआडून जात विचारलेली असते, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते.

तेव्हा मांस कमी करणे हे आपल्यासाठी सत्य सांगणे असेल, माझ्यासाठी सत्य सांगणे म्हणजे डब्याचे झाकण उघडणे आहे. आपल्याला पंधरा दिवस प्रश्न विचारले गेले, हे खरे. परंतु त्या प्रश्नांत तिरस्कार नव्हता. मांस सोडणारा माणूस आपल्या समाजात एक पायरी वर चढतो. आपले हेल्पर माळ घालून वर चढले म्हणूनच डबे सरकले. माझ्या सुकटीसाठी कोणी डबा सरकवला नाही, खिडकी उघडली.

खानापूरचा शेतकरी

मिथेनचे म्हणणे पुस्तकात बरोबर असेल, पण आमच्या शिवारात येऊन पाहा. सुगी झाली की धनगर मेंढरे घेऊन येतात, आम्ही ती रानात रात्री बसवून घेतो आणि त्याबद्दल त्यांना धान्य किंवा पैसे देतो. त्या लेंड्यांवर पुढचे पीक निघते. ते मेंढरू कापल्या रानातला पाला खाऊन वाढलेले असते, त्याच्यासाठी कोणी वेगळा मका पिकवलेला नसतो. पोल्ट्रीतली कोंबडी मात्र विकतच्या खाद्यावर चाळीस-बेचाळीस दिवसांत तयार होते. दोन्हींना एकाच मापाने मोजू नये. आणि महालक्ष्मीच्या यात्रेला पै-पाहुणे आल्यावर महिन्यातून एकदाचा हिशेब सांगून भागत नाही. दुसऱ्या विषयात मला काही कळत नाही, ज्याचे त्याने बघावे.

उद्यमबागकर

खानापूरकर काका, मेंढरू पाला खाऊन वाढले तरी रवंथ करतेच, त्यामुळे मिथेन चुकत नाही; उलट त्या एका बाबतीत कोंबडी बरी. पण खताची बाजू मी मोजली नव्हती, हे मान्य. यात्रेचे मटण मी सोडलेले नाही. सोडले ते दर बुधवारचे आणि रविवारचे, जे केवळ सवयीने होत असे.

निपाणीच्या ताईंचे म्हणणे अधिक लागले. पायरी वर चढणे ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. खरे तर मांस कमी केल्याचे मी आधी सांगितले ते दुसऱ्या गोष्टीची रंगीत तालीम म्हणून, आणि सोपी तालीम कोणती हे माझ्या मनाने न विचारता ओळखले होते.

चिकोडीहून

टिळकवाडीकर म्हणतात तशी शांतता सुरक्षित असती, तर मी बंगळूरला गेलो नसतो. मी तेथे एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि तेथे सर्वांना माहीत आहे. सुट्टीला गावी आलो की मी पुन्हा मुका होतो.

उद्यमबागकर, आपल्या भागात नाव नव्हते असे मात्र नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगते पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दारात येत आहेत. लुगडे नेसलेला, कपाळभर भंडारा लावलेला जोगता अंगणात आला, की माझी आजी त्याच्या पाया पडत असे आणि सूप भरून जोंधळे देत असे. पारलिंगी लोककलावंत मंजम्मा जोगती यांना पद्मश्री मिळाली, त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, याचा मला अभिमान आहे. २०२१ मध्ये याच राज्याने सरकारी नोकरभरतीत पारलिंगींना एक टक्का आरक्षण दिले. तरीही आजी ज्याच्या पाया पडे, त्याला ओसरीच्या आत तिने कधी बोलावले नाही. देवीचा झालास तर पाया पडू, पण घर, शेत आणि चारचौघांसारखी नोकरी मागू नकोस, असा तो करार होता. मी पारलिंगी नाही, मला लुगडे नेसायचे नाही. मला हातात पगाराची पावती ठेवून माणूस म्हणून राहायचे आहे आणि त्यासाठी कोणीतरी टेबलावर बोलायलाच हवे.

एक बँक कर्मचारी

मी आणि माझी मैत्रीण नऊ वर्षे शहापुरात एकाच घरात राहतो. घरमालकीण आम्हाला संक्रांतीचे वाण देते आणि दोघींना मिळून एकच दिवाळीचा फराळ पाठवते. दोन नोकरदार बायका भाडे वाचवण्यासाठी एकत्र राहतात, असे गल्ली समजते, आणि आम्ही तसे समजू देतो. आपण ज्याला खोटे म्हणता, त्या छपराखाली आमचा संसार उभा आहे. मी बँकेत खरे सांगितले, तर पहिल्यांदा जाईल ती आमची खोली. पुरुषाने सांगितल्यावर लोक उसाच्या दराकडे वळतात; बाईने सांगितल्यावर तिच्या भावाला फोन जातो.

मला एकच विचारायचे आहे. आपण टेबलावर सांगितले, त्याआधी आपल्या जोडीदाराला विचारले होते का? आपले नाव उघड झाल्यावर आपल्यासोबत सिनेमाला येणारा, मोटारसायकलवर मागे बसणारा माणूस कोण, हे बेळगावात कोणाला निराळे सांगावे लागत नाही.

उद्यमबागकर

विचारले नव्हते.

तो एका खेड्यातील शाळेत शिकवतो. मी सांगितले ते फक्त माझ्याविषयी, असे मी इतके दिवस धरून चाललो होतो, आणि या धाग्याच्या पहिल्या परिच्छेदातही त्याचा उल्लेख नाही, हे आता वाचताना दिसते. माझ्या कारखान्यातील दोघांची मुले त्याच्या शाळेत आहेत. मी सांगितल्यानंतरच्या महिन्यात तो दोन रविवार आला नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत, असे म्हणाला होता. मे महिना होता.

टिळकवाडीकर, सांगावे हे माझे मत अजून बदललेले नाही, पण ते माझ्यापुरते आहे असे मी म्हणू शकत नाही, एवढे खरे. या रविवारी मी त्याच्या गावी जाणार आहे. तो बोंबील उत्तम करतो आणि महिन्यातला माझा एक दिवस अजून शिल्लक आहे.