इसे-शिमा एका दिवसात

जपानमधल्या नागोयाहून इसे हे देवस्थानाचं गाव एका दिवसात होईल का, जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) चालेल का, असा प्रश्न आहे. होईल. पास किंतेत्सु या खासगी रेल्वेवर चालत नाही. जेआरच्या 'मिए' रॅपिड गाडीवर चालतो, पण मधला तुकडा इसे रेल्वेचा, त्याचं भाडं वेगळं. आधी गेकू (बाहेरचं देवस्थान), मग नाइकू (आतलं देवस्थान) हा तिथला रिवाज. मध्ये बसने वीसेक मिनिटं. मुख्य देऊळ कुंपणांआड असतं, दिसतं जेमतेम छप्पर. दर २० वर्षांनी ते शेजारच्या जागेत नव्याने उभारतात, मागचं २०१३ साली झालं. जवळच्या फुतामी किनाऱ्यावरच्या जोडखडकांमधून सूर्योदय हवा असेल तर मे ते जुलैमध्येच जा, आणि आदल्या रात्री तिथेच मुक्काम करा. शाकाहारींनी इसे उदोनपासून (तिथल्या जाड नूडल्स) जपून: तळाशी दिसणारा काळा रस नुसता सोयासॉस वाटतो, पण त्यात बहुधा माशाचा अर्क असतोच.