‘सॉलिसिटेशन’ला मराठी शब्द: याचना, भीक की मागणे?

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावरील गावात पर्यटकांकडे पैसे मागणे, तसेच खोली किंवा बोट घेण्यासाठी त्यांच्या मागे लागणे, यांबाबत ग्रामपंचायत नियम करत आहे. मसुद्यात ‘सॉलिसिटेशन’साठी ‘सार्वजनिक ठिकाणी याचना’ असे लिहिले आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते नाही. याचनेत मागणाऱ्याचे दैन्य गृहीत असते. “डॉल्फिन बघायला चला” म्हणणारा बोटवाला याचक नव्हे. ‘भीक’ तर त्याहून घातक शब्द आहे. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा वस्तू विकायला पुढे करणे या निमित्ताने भिक्षा मागणेसुद्धा भीक ठरवले, म्हणजे दारी येणारा वासुदेवही त्या व्याख्येत ओढला जाऊ शकतो. हाच कायदा दिल्लीतही लागू केलेला होता; त्यातील भीक मागणे हा गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात मात्र कायदा उभा आहे.

आपल्या बोलीत मागण्याच्या किती तऱ्हा आहेत पाहा. शिमग्यात सिंधुदुर्गात ‘शबय’ मागतात, अन्यत्र ‘पोस्त’ मागतात, गणपतीला ‘वर्गणी’ काढतात. यांतले एकही मागणे लाजिरवाणे नाही. पण तीच वर्गणी धाकदपटशाने घेतली की लोक तिला सरळ ‘खंडणी’ म्हणतात, आणि पोस्तासाठी रस्त्यावर दोरी धरून गाडी रोखली की मागण्याचे ‘अडवणे’ होते. नियमाला नेमका हाच भेद हवा आहे. देणगी मागणे हे संरक्षित अभिव्यक्तीत मोडते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये शॉम्बर्ग गावाच्या खटल्यात म्हटले. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम १९ खाली वाजवी निर्बंध चालतात, परंतु ते वर्तनावर असावेत, शब्दांवर किंवा मागणाऱ्याच्या गरिबीवर नसावेत, असे मला कळकळीने वाटते.

म्हणून व्याख्येत साधे ‘मागणे’ ठेवावे आणि मनाई ‘अडवणूक करून मागण्याला’ करावी.

पुरवणी (दुसरे सदस्य) : ‘मागणे’ पटले. ‘अडवणूक’ मात्र बदला, कारण कचेरीत काम मुद्दाम रोखून धरण्यालाही आपण अडवणूकच म्हणतो. त्याऐवजी क्रियापदांनी लिहावे : वाट रोखून, अंगाला हात लावून, नकार दिल्यावरही पाठलाग करून किंवा चालत्या वाहनासमोर उभे राहून मागू नये. जेटीच्या अरुंद फळीवर तर नुसते थांबवल्यानेही माणूस पाण्यात पडू शकतो, तेव्हा तिथे बोटीत चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना थांबवून काहीही मागू नये, असे वेगळे वाक्य घालावे.