घरच्या आर्केड मशीनच्या फॅनचा आवाज कमी करायचाय, मदत हवी आहे (सांगली)

हरिपूररोड:

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय कारण अर्धवट माहितीवर कोणी नीट सांगू शकणार नाही. मी सांगलीत हरिपूर रोडला राहतो, घरात उभं आर्केड मशीन करून घेतलंय, साडेपाच फूट उंच, १८ एमएमचं प्लायवूड, बाहेरनं काळा सनमायका, माधवनगरच्या सुताराकडून केलं आणि काम एक नंबर झालंय, त्याबद्दल काही तक्रार नाही. आत जुना ऑफिसातला सेकंडहँड पीसी आहे (चौथ्या जनरेशनचा आय फाइव्ह, वेगळं ग्राफिक कार्ड नाही), २४ इंची एलसीडी, एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि चार इंची दोन स्पीकर, वरच्या पाटीला एलईडी पट्टी आणि तिच्यासाठी १२ व्होल्टचा ५ अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). शाळेत असताना पार्लरमध्ये रुपयाच्या कॉइनवर जे खेळलो ते सगळं त्यात आहे, मुस्तफा गेम तर रोज चालतो, माझी मुलगी आणि भाचा दोघं मिळून खेळतात आणि आपण लहानपणी जो गेम बघायला दुसऱ्याच्या खांद्यावरनं मान काढायचो तो आपली पोरं घरात खेळतायत हे बघून मला खरंच लय बरं वाटतं.

तर अडचण अशी की मागच्या दाराला वरच्या बाजूला एक फॅन बसवलाय. इलेक्ट्रिशियनने आणलेला, मेटल बॉडीचा, चौकोनी, पावणेपाच इंची, थेट २३० व्होल्टवर चालणारा. तो सुरू झाला की खोलीत सारखा घूंऽऽऽ असा आवाज, आणि त्याच्यावर एक बारीक शिट्टीसारखा सूंऽऽ असा दुसरा आवाज, दोन्ही एकदम. मोबाइलच्या अ‍ॅपवर एक मीटरवरनं ५४ डेसिबल दाखवतंय, अ‍ॅप किती खरं माहिती नाही पण फॅन बंद केला की तेच ३८ दाखवतंय म्हणजे फरक तर आहेच. पलीकडच्या खोलीत आई-बाबा झोपतात, मध्ये साडेचार इंची भिंत, रात्री नऊनंतर गेमचा आवाज मी एकदम बारीक करतो पण मग फॅनच जास्त ऐकू येतो आणि आई सकाळी म्हणते रात्रभर चक्की चालल्यासारखं वाटलं.

फॅन बंद ठेवून बघितला. हिवाळ्यात एखादा तास निघतो, पण एप्रिलमध्ये सांगलीचं ऊन तुम्हाला माहितीये, दुपारी बाहेर ४० असतं, मशीनच्या पेटीत त्याच्याही वर, अर्ध्या तासात प्रोसेसर ९० च्या पुढं जातो, गेम अडकायला लागतो आणि आवाज फाटतो. फॅन चालू असला की ६५-६८ ला थांबतो. म्हणजे फॅन पाहिजेच.

हवा बाहेर जायला सुताराने फॅनच्या पुढं प्लायला ड्रिलने भोकं पाडलीत, ८ एमएमची, साधारण ४० असतील, दिसायला छान दिसतात. खालनं हवा आत यायला कॉइनच्या दाराखाली एक पट्टी उघडी ठेवलीये.

माझे प्रश्न: छताच्या पंख्याचा रेग्युलेटर या फॅनला लावला तर चालेल का? आतनं फोम चिकटवला तर फरक पडेल का, एकजण म्हणाला अंड्याचे ट्रे लाव. आणि डीसी फॅन घ्यायचा झाला तर कितीचा, किती स्पीडचा, आणि या उन्हाळ्यात तो पुरेल का? पैसे थोडे गेले तरी चालतील पण मशीन शिजायला नको आणि घरच्यांची झोप मोडायला नको.

कुपवाड_पॅनल:

दादा, तुमचा फॅन फोटो न बघताच ओळखला. आम्ही एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवतो, तोच फॅन आम्ही पॅनलच्या दाराला टाकतो. तो शॉपफ्लोअरसाठी आहे, तिथं शेजारी लेथ चालू असतं, आवाजाचं कोणाला काही नसतं, वर्षानुवर्षं चोवीस तास फिरला पाहिजे एवढंच बघतात. आत शेडेड पोल मोटर असते, दोन पोलची, आपल्याकडं लाइन ५० हर्ट्झ म्हणजे सिंक्रोनस स्पीड (लाइनवरनं ठरणारा) मिनिटाला ३००० फेरे, स्लिप (मोटर जेवढी मागं पडते ती) जाऊन तो २६००-२७०० ला फिरतो. एवढ्या स्पीडला कुठलाही १२० एमएमचा फॅन शांत राहणार नाही. तुमचा घूंऽऽ जो आहे त्यात मोटरची १०० हर्ट्झची गुणगुण पण आहे, ती पात्याची नाही, मेटल फ्रेममधनं थेट प्लायमध्ये उतरते.

रेग्युलेटर लावू नका. आत्ताचे गोल बटणाचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची वेव्ह कापतात, त्याच्यानं ही मोटर अजून गुणगुणते आणि गरम होते, स्पीड पण नीट उतरत नाही.

डीसी फॅनच घ्या, १२ व्होल्ट, १२० एमएम. चांगली गोष्ट म्हणजे भोकं परत पाडायला लागणार नाहीत, दोन्हीचं स्क्रूचं अंतर १०५ एमएमच असतं. फक्त तुमचा ३८ एमएम जाड आहे आणि हा २५ एमएम येतो, तेव्हा स्क्रू आखूड घ्या. कडेला बाण असतो बघा, हवा कुठल्या बाजूला जाते त्याचा, तो बघून लावा. १२०० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपासचा बघा, २५०० वाला उचलू नका, दुकानदार तोच पुढं करतो कारण हवा जास्त लागते हाताला. सप्लाय पाटीच्या एसएमपीएसमधनं घ्या, फॅन पाव अँपिअर पण खात नाही.

आणि एक, जोपर्यंत जुना फॅन आहे तोपर्यंत त्याच्या मेटल बॉडीला अर्थिंग आहे का ते आजच्या आज बघा. पोरं खेळतात म्हणता, मागचं दार उघडून हात घालायला त्यांना वेळ लागत नाही.

हरिपूररोड:

खूप आभार दादा. अर्थिंग बघितलं, नव्हतं, वायर दोनच आल्यात. फॅनची वायर आत्ताच काढून ठेवली.

पण एक शंका, जुना फॅन भरपूर हवा फेकायचा, १२०० वाला त्याच्या निम्मी तरी फेकेल का? एप्रिल-मे मध्ये पुरेल का याचीच काळजी आहे.

साताऱ्याहून:

गणित करून बघा म्हणजे काळजी मिटेल. पीसी जुने गेम चालवताना फार तर १०० वॅट, एलसीडी २५-३०, एलईडी आणि अ‍ॅम्प धरून एकूण १५० वॅट उष्णता धरू. आतली हवा बाहेरच्यापेक्षा किती तापेल याचं सोपं सूत्र आहे, वॅट गुणिले १.७६ भागिले सीएफएम (फॅन मिनिटाला किती घनफूट हवा फेकतो ते), उत्तर सेल्सिअसमध्ये. पॅनल फॅन ८० ते १०० सीएफएमचा असतो. १२०० आरपीएमचा चांगला डीसी फॅन ५० धरा. म्हणजे १५० गुणिले १.७६ म्हणजे २६४, भागिले ५०, सव्वापाच अंश. खोली ४० ला असली तर पेटी ४५ ला. अगदी २५ सीएफएम मिळाली तरी साडेदहा अंशच वाढतं. पीसीला हे चालतं.

पण हे ५० तेव्हाच जेव्हा हवेला वाट आहे, आणि तुमची खरी गडबड मला तिथंच दिसतीये. ८ एमएमचं एक भोक म्हणजे अर्धा चौरस सेंटिमीटर. अशी ४० म्हणजे २० चौरस सेंटिमीटर. १२० एमएमच्या फॅनचं मधलं बूड सोडून हवेचं तोंड ९० च्या आसपास असतं. म्हणजे फॅनने फेकलेली हवा पाव जागेतनं बाहेर काढायची चाललीये. तुमचा तो सूंऽऽ आहे ना, शिट्टीसारखा, तो या भोकांचा आहे, पाती भोकांच्या एकदम जवळ फिरतात त्यामुळं प्रत्येक पातं भोकावरनं गेलं की हवा फाटते. फॅन कितीही भारी आणला तरी ही जाळी ठेवलीत तर शिट्टी थोडी का होईना राहणारच, आणि हवा पण पूर्ण मिळणार नाही.

सुताराला सांगून तेवढा गोल पूर्ण कापून घ्या, होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) निघतो, आणि बाहेरनं तारेची गोल गार्ड लावा, पोरांची बोटं जाणार नाहीत अशी. खालची पट्टी पण मोजा, तिथं सुद्धा किमान तेवढीच जागा उघडी पाहिजे, जाळी लावणार असाल तर दीडपट ठेवा. जाळी लावाच, आपल्याकडं पाचट पेटवतात तेव्हा काळी काजळी घरात कुठवर येते ते वेगळं सांगायला नको. मच्छरदाणीची जाळी पुरते, महिन्याला ब्रश मारायचा.

स्पीडचं म्हणाल तर फॅनचे आरपीएम निम्मे केले की हवा निम्मी होते पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून मोठा फॅन हळू फिरवणं कधीही चांगलं. ८० एमएमचे दोन लावायचा सल्ला कोणी दिला तर घेऊ नका, तेवढी हवा काढायला ते जोरात फिरवायला लागतात.

मिरजवाला:

वर सगळ्यांनी बरोबर सांगितलंय, मी फक्त लाकडाचं बोलतो. आमचं घर सतारमेकर गल्लीत, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. सतारीच्या तारेला स्वतःचा आवाज किती असतो, ती घोडीवरनं (तार टेकते त्या पट्टीवरनं) तबली म्हणजे वरची पातळ लाकडी फळी हलवते आणि मग भोपळा तो आवाज मोठा करतो. तुमच्या मशीनचं तेच झालंय, मागचं दार ही तबली आणि पोकळ पेटी हा भोपळा, आणि फॅन स्क्रूने थेट तबलीला आवळलाय.

एक करा, जुना फॅन अर्थिंग देऊन एकदा परत चालू करा, मागच्या दारावर मधोमध दोन्ही तळहात जोरात दाबा आणि कान द्या. घूंऽऽ कमी झाला किंवा बदलला तर तो आवाज दाराचा आहे, फॅनचा नाही. हात सरकवत बघा, जिथं दाबल्यावर सगळ्यात जास्त दबतो तिथं आतनं आडवी लाकडी रीप मारायची, फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्ही लावून. रीप बरोबर मध्यात मारू नका, जरा एका बाजूला घ्या, म्हणजे दोन्ही भाग सारखे राहत नाहीत आणि एकाच सुराला थरथरत नाहीत.

नवा फॅन लावताना स्क्रूने आवळायचाच नाही. सिलिकॉनच्या पिना मिळतात त्या ओढून बसवायच्या. नाही मिळाल्या तर सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून फॅन आणि लाकडाच्या मध्ये घाला आणि स्क्रूच्या डोक्याखाली पण घाला, दोन्हीकडं, एकाच बाजूला घालून उपयोग नाही कारण थरथर स्क्रूतनं जाते. स्क्रू टेकेपर्यंतच फिरवा. दार बंद होतं तिथं चारी बाजूनं खिडकीला लावतात ती रबराची पट्टी लावा. पीसीचा डबा थेट प्लायवर ठेवला असेल तर त्याच्याखाली पण जाड रबर.

फोम आणि अंड्याचे ट्रे नको. फोम बारीक आवाज थोडा पितो, घूंऽऽला काही करत नाही. ट्रे तर नुसता कागद, आणि आत वायरिंग असताना पेट घेणारी वस्तू कशाला भरायची.

जुना_पार्लरवाला:

कुणी हे वाचून पार्लरचं जुनं मशीन उघडायला जाईल म्हणून सांगतो, ज्यात अजून काचेची पिक्चर ट्यूब आहे त्याच्यात असा हात घालू नका. ट्यूबवरची रबरी टोपी असते तिथं २० हजार व्होल्टच्या वर असतं आणि स्विच काढला तरी ते साठून राहतं. फॅन बदलायचा तर जाणकार माणूस बोलवा. शिवाय ट्यूबच्या जवळ तो २३० चा फॅन लावला की चित्र थरथरतं, मोटरच्या चुंबकानं, म्हणून आम्ही तो लांब खाली लावायचो. हरिपूरवाल्यांचं एलसीडी आहे, त्यांना हा त्रास नाही.

हरिपूररोड:

मंडळी, काम झालं, सांगतो काय काय केलं. मिरजवाल्या दादांनी सांगितलेला तळहाताचा प्रयोग आधी केला आणि खरंच, दाराच्या खालच्या अर्ध्या भागात हात दाबला की घूंऽऽ निम्मा होत होता. तिथं रीप मारली. भोकांचा भाग सुताराने गोल कापून दिला, तारेची गार्ड लावली. गणपती पेठेत १२० एमएमचा चार वायरीचा फॅन मिळाला, तो एसएमपीएसला न लावता वायर वाढवून पीसीच्या मदरबोर्डवरच्या सिस्टम फॅनच्या पिनांना जोडला आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तापमानाप्रमाणे स्पीड ठेवला, साधारण ७०० पासून १२०० पर्यंत. सायकलच्या ट्यूबचे तुकडे दोन्ही बाजूनं घातले. खालची पट्टी रुंद करून मच्छरदाणीची जाळी लावली.

दुपारी कडक उन्हात पोरं खेळत असताना प्रोसेसर ७० ला थांबला, मोबाइलच्या त्याच अ‍ॅपवर ४१ डेसिबल. शिट्टी पूर्ण गेली. आईला मशीन चालू आहे हे आत येऊन पाटीचा उजेड बघितल्यावर कळलं, यापेक्षा अजून काय पाहिजे राव.

आता घूंऽऽ गेल्यावर पीसीच्या पॉवर सप्लायच्या छोट्या फॅनची खरखर ऐकू यायला लागलीये, आधी ती दबून जायची. त्यात तेल सोडू का?

कुपवाड_पॅनल:

मस्त काम केलंत. मदरबोर्डला जोडला ते सगळ्यात चांगलं, रात्री खोली थंड झाली की तो आपोआप अजून हळू होईल. तेलाचं म्हणाल तर खरखर येते म्हणजे बुशिंग (फॅनचा दांडा ज्यात फिरतो ते) सुकलंय, तेलानं थोडे दिवस जातात, परत येते. आणि पीसीचा पॉवर सप्लाय घरी उघडू नका, त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावर पण ३०० व्होल्टच्या आसपास राहू शकतं. १२० एमएमचा फॅन असलेला नवीन सप्लाय घ्या, पण ऑफिसच्या पीसीला मदरबोर्डचा कनेक्टर कधीकधी कंपनीचा वेगळा असतो, २४ पिनांचा आहे का ते मोजून, फोटो काढूनच दुकानात जा.