कंपाउंड वॉलवरचं चित्र: रविवारच्या सभेआधी

सचिव: नमस्कार. रविवारी सकाळी १० वाजता क्लब हाउसमध्ये विशेष सर्वसाधारण सभा आहे. विषय एकच. गेटजवळच्या चित्रातला शेवटचा भाग, म्हणजे मॅनहोलमधून वर येणारा कामगार, पुसून तिथे फुलांची वेल काढावी असा ११ सभासदांच्या सह्यांचा अर्ज आला आहे. तोवर चित्रकर्तीचा शेवटचा हप्ता थांबवावा, असंही अर्जात आहे. सभेत वेळ पुरत नाही, म्हणून मुद्दे सोसायटीच्या या ग्रुपवरच मांडा. कृपया फॉरवर्ड टाकू नका.

ए-५०३: अर्जावर माझी सही आहे. कलेला विरोध नाही. दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा, वायरमन, भाजीवाली, सगळं छान जमलंय. पण ऐन दाराशी गटारातला माणूस कशाला? घरी कार्य असलं, पाहुणे आले, की पहिलं दर्शन त्याचं. भिंत सोसायटीची, पैसे सोसायटीचे. मग एवढा बदल करायला अडचण काय?

बी-६०२: काका, भिंत आपली, यात वाद नाही. कॉपीराइटही बहुधा आपलाच आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे पैसे देऊन करून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक करून घेणारा असतो, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. आपल्या करारात त्याबद्दल एक ओळ नाही.

पण कलम ५७ वेगळं आहे. कॉपीराइट कोणाकडेही गेला तरी दोन हक्क कलाकाराकडेच राहतात. कृती माझी आहे असं म्हणण्याचा, आणि तिची मोडतोड किंवा तिच्यात असा बदल झाला की ज्याने आपल्या नावाला बाधा येते, तर तो थांबवण्याचा वा नुकसानभरपाई मागण्याचा. चित्राच्या कोपऱ्यात तिची सही आहे. त्या सहीच्या वर दुसऱ्या कोणाच्या हातची वेल आली, तर ती वेलही तिच्याच नावावर खपेल. नेमकं हेच कलम अडवतं.

दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प होतं. केंद्र सरकारनेच करून घेतलेलं, पैसे देऊन. १९७९ मध्ये नूतनीकरण करताना ते उतरवून गोदामात टाकलं आणि त्याची मोडतोड झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प कलाकाराला परत द्यायला लावलं आणि वर ५ लाख रुपये नुकसानभरपाई. 'आम्ही मालक आहोत' हा बचाव चालला नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अर्धं सांगितल्यासारखं होईल. प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स २०१७ मध्ये पाडलं, तेव्हा वास्तुविशारद राज रेवल कोर्टात गेले. २०१९ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने म्हटलं की इमारत पूर्ण पाडायला मालक मोकळा आहे, पाडलेली इमारत कलाकाराचं नाव खराब करत नाही. तो निकाल इमारतीबद्दलचा होता, आणि दोन्ही निकाल दिल्लीचे, मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाहीत. पण दोन्ही एकत्र वाचले तर आपल्यापुरता अर्थ असा निघतो: अख्खी भिंत पांढरी करणं हा वादाचा मुद्दा होऊ शकेल. एक तुकडा पुसून त्यावर वेल काढणं हे मात्र कलम ५७ मध्ये थेट बसतं. म्हणजे अर्जात मागितलंय ते सगळ्यांत धोक्याचं आहे.

सी-२०४: कायदा बाजूला ठेवला तरी रंगाच्या हिशेबातही ते बसत नाही. भिंत ३२ मीटर लांब, १.८ मीटर उंच, म्हणजे साधारण ६२० चौ. फूट. वरून मॅट क्लिअर कोट मारलेला आहे. त्यावर थेट नवा रंग नीट धरत नाही. आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पुसा, प्रायमर मारा. खालचा कामगार काळ्या-करड्या रंगात असल्यामुळे पांढऱ्याचे किमान तीन हात लागतील, दोन हातांत खालचा चेहरा पुसट दिसत राहील. नंतर वेल, नंतर पुन्हा क्लिअर कोट. एवढं करूनही तो २.४ मीटरचा चौकोन वेगळा ओळखू येणार, कारण बाकी भिंतीचा रंग चार महिन्यांच्या उन्हात थोडा उतरलाय. लाल-पिवळे सेंद्रिय रंग आधी उतरतात. गेरू आणि पिवळी माती, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचे रंग, टिकतात. भाजीवालीच्या टोमॅटोचा लाल आणि तिच्या लुगड्याच्या काठाचा गेरू शेजारी शेजारी आहेत, जाऊन बघा, आत्ताच फरक दिसतो.

ए-४०४: पण त्या कामगाराच्या खांद्यावर आताच पांढरे ओघळ आलेत. काम कच्चं झालंय म्हणायचं का? तसं असेल तर हप्ता थांबवणं चूक नाही.

सी-२०४: नाही, तो दोष तिचा नाही. वॉचमनच्या केबिनच्या छताचा पाइप नेमका त्या जागी भिंतीच्या माथ्यावर सोडलाय. भिंतीला वर कोपिंग, म्हणजे माथा झाकणारी पट्टी, आहे, पण कोपिंगच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नाही. पाणी माथ्यावरून आत मुरतं, प्लास्टरमधले क्षार घेऊन बाहेर येतं आणि वाळलं की लोणा दिसतो. वरून कितीही चांगला रंग लावा, आतून पाणी येत असेल तर सहा महिन्यांत फुगे धरतात आणि पोपडे निघतात. वेल काढली तरी तिलाही हेच ओघळ येतील.

उपाय: पाइप वाढवून जमिनीच्या गटारात सोडा. कोपिंगला दोन्ही बाजूंनी ५० मिमी बाहेर काढून खालून १० मिमीची खाच द्या. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. भिंत पूर्ण वाळल्यावर तेवढाच भाग चित्रकर्तीकडूनच टचअप करून घ्या.

डी-३०१: चित्राबद्दलही बोलूया, कारण 'एक तुकडा' हा शब्द सारखा येतोय आणि तो तुकडा नाही. आज येता-जाता दुधाच्या टोकापासून गेटपर्यंत चालत बघा. दुधाच्या कॅनचं झाकण, सायकलचं चाक, वायरमनच्या खांद्यावरचं वायरचं वेटोळं, भाजीवालीची पाटी आणि शेवटी मॅनहोलचं लोखंडी झाकण. पाच वर्तुळं, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडं खाली. नजर आपोआप उतरत उतरत जमिनीला टेकते आणि तिथे तो माणूस असतो. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही, हातात मोजे नाहीत. उजवा हात झाकणाच्या कडेवर, आणि बोटांच्या पेरांवर काळं पाणी वाळताना जसं करडं होतं तसा रंग. तो आपल्याकडे बघतच नाही, वर उजेडाकडे बघतोय. तो काढला तर उरलेली चार वर्तुळं कुठे जायची?

कष्टकऱ्यांना चित्रात मध्यभागी आणणं काही नवं नाही. सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत असतानाच लोकलमधली, कारखान्यातली, नाक्यावरची माणसं रंगवत होते. मोठमोठ्या संग्रहालयांत ती चित्रं लागलीत.

ए-५०३: ताई, वर्तुळांचं लक्षात आलं नव्हतं, ते मान्य. पण रेखाटन आम्हाला कुणी दाखवलं? समितीने परस्पर मंजूर केलं.

डी-३०१: काका, ही तुमची तक्रार पूर्ण खरी आहे. रेखाटन १:२० प्रमाणात होतं, म्हणजे १६० सेंमी लांब आणि ९ सेंमी उंच पट्टी. तिचा फोटो ग्रुपवर टाकला. मोबाइलवर तो कामगार तांदळाच्या दाण्याएवढा दिसत होता. कुणाला काही कळणं शक्यच नव्हतं. पुढच्या वेळी भिंतीचे ४-४ मीटरचे आठ भाग करायचे आणि प्रत्येक भाग १:१० मध्ये छापायचा, ४० बाय १८ सेंमी, ए-थ्री कागदावर बसतो. आठही कागद लिफ्टजवळ १० दिवस लावायचे, खाली हरकतींची वही. हरकत लेखी आणि कारणासह. चित्रकर्तीने तिला उत्तर द्यायचं, बदल करायचा की नाही हे तिने ठरवायचं, नाही पटलं तर आपण ते काम न देणं हा आपला हक्क. पण एकदा रेखाटन मंजूर झालं आणि ब्रश भिंतीला लागला, की विषय बंद. हरकत रेखाटनावर घेतली तर ती चर्चा असते. रंगवून झाल्यावर पुसायला लावणं म्हणजे कलाकाराला पुढच्या प्रत्येक कामात घाबरून रंगवायला शिकवणं.

ए-४०४: बाहेरच्या कुणी पोलिसांत तक्रार केली तर? उगाच सोसायटीच्या मागे लफडं नको.

बी-६०२: कशाबद्दल करणार? अश्लील नाही, कुणाच्या धर्माबद्दल नाही, कुणाचा ओळखू येणारा चेहरा नाही. आणि 'कुणीतरी भडकेल' एवढ्यावर अभिव्यक्ती बंद करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. रंगराजन खटल्यात स्पष्ट केलंय. निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबायची नाही, कायदा-सुव्यवस्था राखणं सरकारचं काम आहे. धोका प्रत्यक्ष आणि जवळचा हवा, दारूगोळ्यातल्या ठिणगीसारखा. मुंबई उच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये चित्रकार एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांची कस्टम्सने अडवलेली सात रेखाटनं सोडायला लावली. नग्न चित्र म्हणजे आपोआप अश्लील नव्हे, असं सांगून. आपल्या चित्रात तर तेही काही नाही.

खरं तर ज्याला घाबरायला हवं ते वेगळंच आहे. माणसाला सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर भरपाई ३० लाख, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवलं. तो हेल्मेट नसलेला माणूस गेटशी आहे ते बरंच आहे. आपली चेंबर साफ करायला कोण येतं आणि काय घालून येतं, हे बघायची आठवण राहील.

बी-१०३: एक सूचना. रंगाच्या कंपनीचा लोगो कोपऱ्यात टाकू दिला तर टचअपचा खर्च ते देतील.

सचिव: नको. लोगो आला की ते चित्र जाहिरात ठरतं, आणि रस्त्यावरून दिसणाऱ्या जाहिरातीला महापालिकेची परवानगी आणि शुल्क लागतं. शिवाय कंपनीही उद्या 'हा माणूस नको' म्हणेल.

खजिनदार: आता हप्त्याचं. मानधन ३०० रुपये चौ. फूट, ६२० फुटांचे १,८६,०००. साहित्य आणि परांची वेगळी, ते बिल चुकतं झालंय. मानधनातले ४० टक्के कामाआधी दिले, ७४,४००. अर्धं झाल्यावर ३० टक्के, ५५,८००. उरलेले ५५,८०० 'काम पूर्ण झाल्यावर ७ दिवसांत' असं करारात आहे. काम चार महिन्यांपूर्वी पूर्ण झालं, समितीने पाहून सही केली. रेखाटनाप्रमाणे केलेल्या कामाचे पैसे चित्र आवडलं नाही म्हणून अडवता येत नाहीत. तरुण कलाकाराला गप्प करायचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे शेवटचा हप्ता लटकवणं. मदतनीसांची रोजी ती स्वतःच्या खिशातून देऊन बसलेली असते, मग 'करते बदल' म्हणावंच लागतं. आपल्याकडून हे होऊ नये असं मला मनापासून वाटतं. टीडीएस कोणत्या कलमाखाली कापायचा ते ऑडिटरना विचारून ठेवलंय, त्यासाठी चेक अडणार नाही.

डी-३०१: ठरावात पुढच्या कामांसाठी ही कलमं घालूया. रेखाटनावर दोनदाच बदल मागायचे, तिसऱ्यांदा मागितला तर जादा मानधन. रेखाटनानंतर आपण काम रद्द केलं तर रेखाटनाचे पैसे पूर्ण. कलाकाराचं नाव आणि वर्ष भिंतीवर. टचअप त्याच कलाकाराकडून, आणि तिने नाही म्हटलं तरच दुसऱ्याकडून, तेही तिला विचारून. भिंत पाडायची किंवा पूर्ण रंगवायची वेळ आली तर ९० दिवस आधी लेखी कळवायचं, म्हणजे तिला फोटो काढून ठेवता येतील.

हे ९० दिवस अमेरिकेच्या कायद्यातून घेतलेत. न्यूयॉर्कमधल्या फाइव्ह पॉइंट्झ इमारतीवरची चित्रं मालकाने २०१३ मध्ये रातोरात पांढरी केली, नोटीस न देता. २०१८ मध्ये कोर्टाने २१ कलाकारांना मिळून ६७ लाख डॉलरच्या वर भरपाई द्यायला लावली. आपल्या कायद्यात अशी मुदत लिहिलेली नाही, म्हणून करारात हवी.

सी-२०४: आणखी एक घाला. नवीन प्लास्टर असेल तर २८ दिवस आणि वर ते कोरडं होईपर्यंत रंग नाही. जून ते ऑक्टोबर काम नाही. प्रायमर साधारण ६ लिटर, पांढऱ्या बेसचे दोन हात १२ लिटर, एवढा माल या भिंतीला लागतो. जमिनीपासून ३० सेंमी चित्र नको, साधा गडद पट्टा ठेवा. पावसाचं पाणी आणि झाडूचा चिखल तिथेच उडतो.

ए-५०३: वाचलं सगळं. मॅनहोलचं चित्र मला अजूनही दाराशी रुचत नाही, ते सभेत बोलेन. पण पुसायची मागणी आणि हप्ता थांबवायची मागणी मी माझ्यापुरती मागे घेतो, सचिवांनी नोंद घ्यावी. बाकीच्या दहा जणांचं मी सांगू शकत नाही. लिफ्टजवळ रेखाटन लावायचा मुद्दा मात्र ठरावात आलाच पाहिजे.

सचिव: नोंद घेतली, काका. तो मुद्दा पहिला ठेवतो. उरलेल्या सह्या करणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.

खजिनदार: ५५,८०० चा चेक लिहिलाय, टीडीएस वजा करून. अध्यक्षांची सही उद्या सकाळी. हप्ता कराराप्रमाणे देणं आहे, त्याला सभेची वाट बघायची गरज नाही.

सी-२०४: प्लंबर शुक्रवारी ११ वाजता येतोय. केबिनचा पाइप ११० मिमीचा आहे, दोन बेंड आणि ३ मीटर पाइप लागेल. वॉचमनला सांगा, केबिनच्या मागची सायकल तेवढी हलवून ठेव.